वाचकांचे प्रश्न : व्यवसायाचे खाते आणि चारचौघांतले बोलणे

व्यवसायाच्या समाजमाध्यमांवरील वावराविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पोहोच कशी वाढवावी यापेक्षा आपले वागणे चारचौघांत कसे दिसते, याची काळजी बहुतेक पत्रलेखकांना वाटते, आणि ती काळजी मला रास्त वाटते. समाजमाध्यमावर व्यवसाय जे काही बोलतो ते एका व्यक्तीला उद्देशून असले, तरी त्या वेळी शेकडो माणसे मूकपणे ते वाचत असतात. पुढील बहुतेक उत्तरे या एका वस्तुस्थितीवरूनच निघाली आहेत.

प्रश्न : माल उशिरा मिळाल्याबद्दल एका ग्राहकाने आमच्या पानावर अतिशय कडवट टिप्पणी लिहिली आहे. ती काढून टाकावी, असे माझ्या भागीदाराचे मत आहे. तिला उत्तर द्यावे, असे माझे. कोणाचे बरोबर?

आपले बरोबर आहे. टिप्पणी तशीच राहू द्यावी आणि तिच्याखाली उत्तर लिहावे. शिवीगाळ, एखाद्या समाजाविषयीचा द्वेष, कोणाचा खासगी पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक आणि उघड फसवणुकीचे दुवे एवढ्या गोष्टी काढून टाकण्याचा अधिकार पानाच्या चालकाला निश्चितच आहे. मात्र हे नियम पानाच्या माहितीमध्ये आधीच लिहून ठेवलेले असावेत, म्हणजे वेळ आल्यावर मनमानीचा आरोप होत नाही. निव्वळ कडवटपणा या यादीत बसत नाही. उशीर झाला असेल तर ग्राहकाने तो बोलून दाखवणे हा त्याचा हक्क आहे.

तक्रार पुसून टाकली की ती नाहीशी होत नाही, हे आपल्या भागीदारांना समजावून सांगताना एका जुन्या प्रकरणाचा उपयोग होईल. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २००३ मध्ये एका छायाचित्रकारावर ५ कोटी डॉलरचा दावा लावला, कारण किनारपट्टीची झीज नोंदवण्यासाठी त्याने काढलेल्या हजारो छायाचित्रांपैकी एकात त्यांचे घर दिसत होते. दाव्यापूर्वी ते छायाचित्र छायाचित्रकाराच्या संकेतस्थळावरून अवघे ६ वेळा उतरवून घेतले (डाउनलोड केले) गेले होते, आणि त्यांतील २ वेळा तर त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी पसरल्यावर पुढच्या महिन्याभरात ४,२०,०००हून अधिक लोकांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली. लपवण्याच्या धडपडीतूनच गाजावाजा होण्याच्या या प्रकाराला तेव्हापासून त्या गायिकेचेच नाव चिकटले आहे. तुमच्या ग्राहकाकडेही त्या टिप्पणीचा स्क्रीनशॉट असणारच, आणि टिप्पणी काढून टाकली तर उशिराच्या तक्रारीत 'तोंड दाबले' ही दुसरी, अधिक गंभीर तक्रार मिळवली जाईल.

याहून पुढची पायरी म्हणजे तक्रार करणाऱ्याला धाक घालणे. न्यूयॉर्क राज्यातील एका अतिथिगृहाने विवाह समारंभासाठी जागा घेणाऱ्यांवर अशी अट घातली होती की, पाहुण्यांपैकी कोणीही प्रतिकूल अभिप्राय लिहिला तर दर अभिप्रायामागे ५०० डॉलर अनामत रकमेतून कापले जातील. २०१४ मध्ये ही अट वृत्तपत्रांत आली आणि तेथे कधीही पाऊल न ठेवलेल्या लोकांनी त्या अतिथिगृहाच्या नावाखाली संतप्त अभिप्रायांचा ढीग रचला. करारातील अशा अटींवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस झाला.

आता उत्तर कसे असावे ते पाहू. उशीर नेमका किती झाला आणि का झाला हे आधी स्वतः तपासावे. तपासण्यास वेळ लागणार असेल तर 'आम्ही पाहत आहोत, आज संध्याकाळपर्यंत येथेच सांगतो' एवढेच लिहावे, आणि संध्याकाळी खरोखर सांगावे. उत्तरात पहिले वाक्य ग्राहकाला झालेल्या त्रासाविषयी असावे, स्वतःच्या अडचणीविषयी नव्हे. ऑर्डर क्रमांक, पत्ता, देयक असा तपशील उघडपणे न विचारता खासगी संदेशात घ्यावा. पण पुष्कळ व्यवसाय येथे एक चूक करतात, ती म्हणजे 'आम्हाला इनबॉक्समध्ये मेसेज करा' असे लिहून विषय तिथेच सोडून देतात. वाचणाऱ्यांना तो धागा अर्धवटच दिसत राहतो. प्रश्न सुटल्यावर पुन्हा त्याच टिप्पणीखाली येऊन 'माल काल पोहोचला, उशिराबद्दल पुन्हा एकदा दिलगीर आहोत' असे एक वाक्य लिहावे. ग्राहकाने त्याला उत्तर दिले नाही, तरी चालेल.

उत्तर देण्याचा प्रत्यक्ष परिणाम तपासणारा एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. दाविदे प्रोसेर्पिओ आणि जॉर्जिओस झर्व्हास या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्सासमधील हॉटेलांच्या अभिप्रायांची छाननी केली. ज्या हॉटेलांनी अभिप्रायांना उत्तरे देण्यास सुरुवात केली, त्यांचे सरासरी मानांकन ०.१२ तारांकांनी वाढले आणि अभिप्रायांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली. त्याहून मनोरंजक बाब अशी की, प्रतिकूल अभिप्राय कमी झाले, पण जे आले ते अधिक लांब होते. मालक वाचतो आणि उत्तर देतो हे कळल्यावर किरकोळ कुरकूर करणारा गप्प बसतो आणि ज्याचे खरे गाऱ्हाणे आहे तो ते सविस्तर मांडतो, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. सविस्तर गाऱ्हाणे हे व्यवसायाच्या दृष्टीने फुकट मिळालेले लेखापरीक्षणच असते, असे मी मानतो.

प्रश्न : जो आमचा ग्राहक कधीच नव्हता, अशा माणसाने आम्हाला एक तारांक देऊन खोटा अभिप्राय लिहिला आहे. त्यालाही नम्रपणेच उत्तर द्यायचे का?

होय, कारण खरे-खोटे काय हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. त्याला केवळ तुमचा सूर दिसतो. 'आपण सांगितलेल्या तारखेची किंवा आपल्या नावाची नोंद आमच्याकडे सापडली नाही. आपण पावतीचा क्रमांक कळवल्यास आम्ही लगेच लक्ष घालू' असे लिहिले की खोटेपणाचा आरोप न करताही मुद्दा स्पष्ट होतो. त्याच वेळी त्या मंचाच्या तक्रार-व्यवस्थेत अभिप्रायाची नोंद करावी. ओळखीच्या वीस जणांना पाच तारांक देण्यास सांगून हिशेब बरोबर करण्याचा मोह मात्र टाळावा. स्वतःच्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय हेही खोटेच अभिप्राय होत. युरोपीय संघाने असे अभिप्राय अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत घातले आहेत, आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा त्यांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. गूगलच्या धोरणानुसार तर केवळ समाधानी ग्राहकांना निवडून अभिप्राय मागणे किंवा अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे हेही चालत नाही. मागायचाच असेल तर सर्वांकडे मागावा.

प्रश्न : आम्ही पानाचे काम एका एजन्सीकडे दिले आहे. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपले समाधान हेच आमचे ध्येय' असे एकच उत्तर ते सर्वांना देतात. ग्राहक नाराज दिसतात. काय करावे?

एजन्सीने पोस्ट तयार कराव्यात, चित्रे बनवावीत, वेळापत्रक सांभाळावे. तक्रारींची उत्तरे मात्र ज्याला मालाची आणि कामाची माहिती आहे अशा माणसानेच द्यावीत, किंवा निदान त्याने सांगितलेला मजकूर तेथे जावा. नाहीतर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे होते. मी स्वतः एकदा बंद पडलेल्या यंत्राविषयी एका कंपनीच्या पानावर लिहिले, तेव्हा 'आमच्या परिवारात सामील झाल्याबद्दल आभार' असे उत्तर आले होते. यंत्रापेक्षा त्या उत्तराने मला अधिक दुखावले, कारण माझे वाक्य कोणी वाचलेच नाही हे त्यातून सिद्ध झाले.

तयार वाक्ये ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्यांचा उपयोग सांगाड्यापुरता करावा. ग्राहकाने वापरलेला एखादा नेमका शब्द उत्तरात आला, म्हणजे 'झाकण सैल', 'दोनदा पैसे कापले गेले', 'रंग वेगळा निघाला' असा, की उत्तर माणसाने दिले आहे याची खात्री पटते. उत्तराच्या शेवटी देणाऱ्याचे पहिले नाव लिहिण्याची पद्धतही चांगली आहे. तिच्यामुळे ग्राहकाची भाषा सौम्य होते आणि लिहिणाऱ्यालाही जबाबदारी वाटते. स्वयंचलित उत्तर लावले असेल तर ते स्वयंचलित आहे हे त्यातच सांगावे, आणि माणूस केव्हा उपलब्ध होईल तेही. रात्री उत्तर देणे शक्य नसेल तर 'सकाळी दहा ते संध्याकाळी सहा' असे पानावर स्वच्छ लिहावे. वेळ ठरवून देणाऱ्याला लोक समजून घेतात. तासन्‌तास 'ऑनलाइन' दिसून गप्प राहणाऱ्याला समजून घेत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे खरेदी करणाऱ्या सर्वांचे क्रमांक घेऊन मी व्हॉट्सॲपवर एक समूह केला. पहिल्याच दिवशी निम्मे लोक बाहेर पडले आणि काहींनी रागावून लिहिले. माझा हेतू चांगला होता.

हेतूविषयी मला शंका नाही, पण लोकांचा रागही समजून घ्यावा. बिल करताना दिलेला क्रमांक त्यांनी बिलापुरता दिला होता. समूहात घातल्याबरोबर तो इतर सर्व अनोळखी सदस्यांना दिसू लागला. ज्यांना कोणी तरी छळत आहे, ज्यांनी नुकताच क्रमांक बदलला आहे, किंवा ज्यांना आपली खरेदी कोणाला कळू द्यायची नाही, अशी माणसेही त्यांत असू शकतात. त्यांच्या दृष्टीने ही गैरसोय नसून धोका आहे. औषधे, कर्ज, वकिली सल्ला अशा व्यवसायांत तर केवळ समूहात नाव असणे म्हणजेच गुपित फुटणे होय.

त्यामुळे पहिले काम म्हणजे समूहात क्षमायाचना करून तो बंद करणे. त्यानंतर ज्यांना सूचना हव्या आहेत त्यांना आपणहून येऊ द्यावे. 'प्रसारण यादी' म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट या सोयीत प्रत्येकाला संदेश स्वतंत्रपणे जातो आणि कोणाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय ज्याने तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. या मर्यादेबद्दल व्यावसायिक तक्रार करतात, पण मला ती उपकारक वाटते, कारण ज्याने क्रमांक साठवलेला नाही त्याला तुमचे संदेश नको आहेत, असाच अर्थ घेणे सभ्यपणाचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'चॅनेल' या सोयीतही अनुसरणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांपासून झाकलेले राहतात.

संमती विचारताना ती कशासाठी हे सांगावे. 'नवीन माल आल्यावर महिन्यातून दोनदा संदेश पाठवू. नको असल्यास थांबा असे लिहावे' एवढे वाक्य पुरते. मग दोनदाच पाठवावे. 'थांबा' असे आल्यावर कारण विचारू नये, मनधरणी करू नये, क्रमांक त्याच दिवशी यादीतून काढावा.

प्रश्न : मोठी दुर्घटना घडली किंवा कोणी मान्यवर निवर्तले, तर व्यवसायाच्या पानावर श्रद्धांजली द्यावी का? न दिल्यास लोक असंवेदनशील म्हणतील, असे वाटते.

या प्रश्नावर मी सर्वांत अधिक विचार केला, कारण येथे चांगल्या मनाच्या माणसांकडूनही चूक होते. माझे मत असे आहे की, त्या घटनेशी किंवा व्यक्तीशी आपल्या व्यवसायाचा खरा संबंध असेल, किंवा आपण प्रत्यक्ष काही मदत करणार असू, तरच लिहावे. तसे नसेल तर मौन हीसुद्धा आदराची रीत आहे. श्रद्धांजलीच्या चित्रावर आपले बोधचिन्ह, दूरध्वनी क्रमांक आणि 'आमच्या सर्व शाखा' छापलेल्या असतात, तेव्हा ती श्रद्धांजली राहत नाही, जाहिरात होते. लिहायचेच असेल तर साध्या अक्षरांत दोन वाक्ये लिहावीत, आणि चित्रावर व्यवसायाची कोणतीही खूण ठेवू नये. नाव तर खात्यावर दिसतेच.

आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्टचा विसर पडणे ही याहून अधिक घडणारी चूक आहे. सकाळी भीषण बातमी येते आणि दुपारी दोन वाजता यंत्र आपोआप 'धमाका! आज लुटा!' असे प्रसिद्ध करते. म्हणून ज्या व्यवसायाकडे वेळापत्रक आहे त्याने ते थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरवून ठेवावे, आणि सुटीच्या दिवशीही ती व्यक्ती उपलब्ध असावी. एखादी पोस्ट तशी गेलीच, तर ती काढून का काढली हे एका ओळीत सांगावे.

चर्चेत असलेल्या विषयावर स्वार होण्याचा मोह तर अनेकांना महागात पडला आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते आणि माणसे मरत होती, त्या वेळी केनेथ कोल या फॅशन कंपनीच्या खात्यावरून असे लिहिले गेले की कैरोत गोंधळ उडाला आहे तो बहुधा आमचे वसंत ऋतूचे नवे कपडे आल्याचे ऐकून. संताप उसळला, मजकूर काढावा लागला आणि कंपनीच्या संस्थापकांनी माफी मागितली. ते वाक्य निदान जाणूनबुजून लिहिलेले होते. सप्टेंबर २०१४ मधील प्रकार अधिक बोलका आहे. घरात मारहाण सोसूनही आपण त्या नात्यात का राहिलो, हे स्त्रिया एका हॅशटॅगखाली लिहीत होत्या. डिजॉर्नो या पिझ्झा कंपनीच्या खात्याने तोच हॅशटॅग वापरून 'तुझ्याकडे पिझ्झा होता' असे लिहिले. हॅशटॅग कशाविषयी आहे हे लिहिणाऱ्याने वाचलेच नव्हते. कंपनीने तो मजकूर काही मिनिटांत काढला आणि नंतर नाराजी व्यक्त करणाऱ्या अनेकांना, एकच मजकूर सर्वांना न चिकटवता, स्वतंत्रपणे क्षमा मागितली. चूक अक्षम्य वाटावी अशी होती, पण माफीची पद्धत मला अनुकरणीय वाटते.

कोणताही हॅशटॅग वापरण्यापूर्वी त्याखालील निदान वीस-पंचवीस पोस्ट वाचाव्यात. या कामाला पाच मिनिटे लागतात.

प्रश्न : फॉलोअर विकत घ्यावेत का? सगळेच घेतात.

घेऊ नयेत. विकत घेतलेली खाती खरेदी करत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत आणि मंच त्यांना वेळोवेळी काढून टाकतात. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन नियमाने व्यवसायासाठी असे बनावट आकडे जाणूनबुजून विकत घेण्यावरही बंदी घातली आहे.

प्रश्न : एका ग्राहकाने आमच्या वस्तूसह स्वतःचा सुंदर फोटो टाकून आम्हाला टॅग केले. तो आमच्या पानावर वापरला आणि श्रेयही दिले, तरी तिने आक्षेप घेतला. टॅग केले म्हणजे परवानगीच नाही का?

नाही. टॅग करणे म्हणजे हाक मारणे. हाक मारली म्हणून कोणी आपल्या घरातली वस्तू उचलून नेण्याची मुभा देत नाही. छायाचित्र काढताक्षणी त्याचा हक्क ते काढणाऱ्याकडे जातो, त्यासाठी कोठेही नोंदणी करावी लागत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने घालून दिलेले हे तत्त्व आज जगातील बहुतेक देश पाळतात. श्रेय देणे हे परवानगीच्या जागी चालत नाही, ते परवानगी मिळाल्यानंतरचे सौजन्य आहे. फोटो एकाने काढला आणि त्यात दुसरी व्यक्ती असेल तर दोघांनाही विचारावे, आणि लहान मूल असेल तर पालकांना. मंचाची 'पुन्हा प्रसारित करा' ही सोय वापरणे वेगळे, आणि फोटो उतरवून घेऊन आपल्या पानावर, जाहिरातीत किंवा वेष्टनावर छापणे वेगळे. विचारताना यांतील नेमके काय करणार ते सांगावे. 'आपला फोटो आम्हाला फार आवडला. आमच्या पानावर आपल्या नावासह एकदा प्रसिद्ध करू का?' असा प्रश्न केला तर नकार क्वचितच येतो, आणि आला तर आभार मानून थांबावे.

संगीताबाबत तर अधिक सावध राहावे. वैयक्तिक खात्याला मिळणारी लोकप्रिय गाणी व्यवसायाच्या खात्याला मिळत नाहीत, हे आपण इन्स्टाग्रामवर पाहिले असेल. तो तांत्रिक बिघाड नाही. वैयक्तिक करमणुकीसाठी दिलेला परवाना जाहिरातीला लागू होत नाही. अमेरिकेतील एका पेयनिर्मात्या कंपनीने टिकटॉकवरील जाहिरात-चित्रफितींत अनेक गाणी परवान्याशिवाय वापरली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तिला हक्कभंगासाठी जबाबदार धरले. व्यवसायासाठी उपलब्ध करून दिलेल्या संग्रहातीलच संगीत घ्यावे, किंवा ओळखीच्या वादकाला मोबदला देऊन करून घ्यावे.

प्रश्न : एका लोकप्रिय इन्फ्लुएन्सरला आम्ही वस्तू मोफत दिली, पैसे दिले नाहीत. तरीही तिने 'जाहिरात' असे लिहायला हवे का?

हवे. मोफत वस्तू, प्रवासाचा खर्च, सवलत, नातेसंबंध किंवा नोकरी यांपैकी काहीही असले तरी वाचणाऱ्याला ते ठाऊक असण्याचा हक्क आहे, कारण त्यावरून तो त्या स्तुतीचे वजन ठरवतो. खुलासा मजकुराच्या सुरुवातीस, त्याच भाषेत आणि स्पष्ट शब्दांत असावा; तीस हॅशटॅगांच्या शेवटी दडवलेला शब्द हा खुलासा नव्हे. चित्रफीत असेल तर तोंडीही सांगावे, कारण अनेक जण खालचा मजकूर उघडतच नाहीत. ही जबाबदारी एकट्या इन्फ्लुएन्सरची आहे असे समजून हात झटकू नयेत. वस्तू पाठवतानाच सोबतच्या पत्रात ही अट घालावी, आणि मत प्रतिकूल असले तरी प्रसिद्ध करण्यास मोकळीक आहे असेही लिहावे. असे लिहिण्याचे धैर्य होत नसेल, तर वस्तूच एकदा पुन्हा तपासून पाहावी.

प्रश्न : आमच्या कर्मचाऱ्याने चुकून स्वतःचा खासगी मजकूर कंपनीच्या खात्यावर टाकला. त्याला कामावरून काढावे, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे.

एका चुकीसाठी काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. असाच प्रसंग फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसवर आला. तेथील एका कर्मचाऱ्याने मित्रांसोबत बिअर पिण्याविषयीचा मजकूर रात्री चुकून संस्थेच्या खात्यावर टाकला. संस्थेने तो काढला आणि रेड क्रॉस शुद्धीवर असून गाडीच्या किल्ल्या जप्त केल्या आहेत, असे हसतखेळत कळवले. लोकांनी ते मोकळेपणाने स्वीकारले, काहींनी देणग्याही दिल्या. ज्यात कोणाला इजा झालेली नाही अशी चूक लगेच आणि सरळपणे कबूल केली, की ती तेथेच संपते.

खरा दोष व्यवस्थेत असतो आणि तो दुरुस्त करावा. एकाच फोनमध्ये, एकाच ॲपमध्ये खासगी आणि व्यवसायाचे खाते उघडे ठेवले तर आज ना उद्या असे होणारच. सर्वांना एकच पासवर्ड वाटण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या कामापुरता स्वतंत्र प्रवेश द्यावा, द्विस्तरीय पडताळणी लावावी, आणि खाते ज्या ईमेलवर उघडले आहे ती ईमेल संस्थेची असावी, कोणा एका व्यक्तीची नसावी. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधील एचएमव्ही या संगीतविक्रेत्या साखळीत सुमारे साठ जणांना एकदम कामावरून कमी केले जात असताना, त्यांच्यातीलच एका व्यक्तीने तो सगळा प्रसंग कंपनीच्या ट्विटर खात्यावरून जगाला सांगितला, आणि हे ट्विटर बंद कसे करायचे असे विपणन संचालक विचारत आहेत, असेही लिहिले. किल्ली कोणाकडे आहे हे वरिष्ठांना माहीत नव्हते. त्या कर्मचाऱ्यांना आधी विश्वासात घेतले असते, तर किल्लीचा प्रश्न कदाचित उद्भवलाही नसता.

प्रश्न : आमची सर्व माहिती आम्ही आकर्षक चित्रावर मोठ्या अक्षरांत देतो. एका अंध वाचकाने कळवले की त्यांना त्यातले काहीच समजत नाही.

त्यांनी कळवले हे तुमचे भाग्य, कारण बहुतेक जण न कळवता निघून जातात. अंध व्यक्तींचे वाचक सॉफ्टवेअर टंकलिखित मजकूर मोठ्याने वाचते. चित्रावरील अक्षरे त्याला बहुधा नीट उमगत नाहीत. तारीख, वेळ, स्थळ, किंमत हा सर्व तपशील चित्राखाली मजकुरात पुन्हा द्यावा, आणि चित्रात काय आहे ते सांगणारे पर्यायी वर्णन चित्राला जोडावे; एक्स (पूर्वीचे ट्विटर), फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांवर त्यासाठी स्वतंत्र जागा अनेक वर्षांपासून आहे. एका ओळीत दहा इमोजी टाकल्या तर ते सॉफ्टवेअर दहाही नावे एकामागून एक उच्चारते, याचीही कल्पना असावी. देवनागरी हॅशटॅगमध्ये दोन शब्दांच्या मध्ये अधोरेषा दिली तर डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही ते सोपे जाते. चित्रफितींना उपशीर्षके द्यावीत. ऐकू न येणाऱ्यांबरोबरच आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांचीही त्यामुळे सोय होते.

प्रश्न : चूक आमचीच आहे. माफीचा मजकूर लिहितो आहोत, पण प्रत्येक मसुदा खोटा वाटतो. तीन वेळा लिहून झाला.

आपण पाठवलेला मसुदा वाचला. त्यात 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगिरी व्यक्त करतो' असे वाक्य आहे. त्यातील 'असल्यास' हा शब्द काढावा. भावना दुखावल्या आहेत हे कळल्यामुळेच तर आपण लिहीत आहात. 'असल्यास' म्हटले की दोष दुखावलेल्या माणसाच्या हळवेपणावर ढकलला जातो. 'काही तांत्रिक कारणांमुळे' हेही काढावे आणि कारण सांगावे. 'आमची पंचवीस वर्षांची परंपरा' हा परिच्छेद संपूर्ण वगळावा, कारण त्या परंपरेचा लाभ या ग्राहकांना या वेळी मिळालेला नाही.

२०१८ मध्ये नवा वाहतूकदार नेमल्यानंतर केएफसीच्या ब्रिटनमधील शेकडो शाखांना कोंबडीच मिळेना आणि त्या बंद ठेवाव्या लागल्या. कंपनीने वृत्तपत्रांत पूर्ण पानभर माफी छापली. त्यात आपल्या नावाच्या अक्षरांची उलटापालट करून कंपनीने स्वतःलाच बोल लावला होता, पण मला महत्त्वाचा वाटतो तो खालचा छोटा मजकूर : त्यात ग्राहकांची माफी होती, बंद दारापर्यंत प्रवास करून आलेल्यांचा वेगळा उल्लेख होता, आणि कर्मचाऱ्यांचे आभार होते. वाहतूकदारावर दोष ढकलणारे वाक्य त्यात नव्हते.

आपल्या बाबतीत मी असे लिहीन : 'गेल्या आठवड्यात आम्ही चाळीस ग्राहकांना चुकीचा माल पाठवला. यादी तपासण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची आम्ही माफी मागतो. योग्य माल शुक्रवारपर्यंत आमच्या खर्चाने पोहोचेल. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी फक्त ऑर्डर क्रमांक कळवावा.' याखाली मालकाचे नाव असावे. मजकूर पानाच्या वरच्या भागी शुक्रवारपर्यंत स्थिर ठेवावा, त्याखालील टिप्पण्या बंद करू नयेत, आणि शनिवारी किती जणांना माल मिळाला ते त्याच ठिकाणी लिहावे.